पत्र पोचेल तेव्हा

"मागं धक्का बसतो, त्याचं काय केलंस?"

माझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण वाचून बाबांनी एवढंच विचारलं. देवळाली कॅम्पातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते बसले होते, मांडीवर कागद, चष्मा कपाळावर. त्या प्रकरणात एक यान दुसऱ्या यानावर तोफ डागतं. अवकाशात आवाज पोचत नाही हे ध्यानात ठेवून तो मुका स्फोट मी दोन पानं रंगवला होता, आणि त्या दोन पानांवर माझा फार जीव होता. बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. २४ वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस. तोफ डागली की तिच्या मागच्या पायांचे, म्हणजे ट्रेलचे, फाळ मातीत रुततात आणि सगळा धक्का जमीन पोटात घेते, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. "तुझ्या यानाखाली जमीन कुठंय?" ते म्हणाले. "गोळा पुढं जाणार, यान मागं जाणार. मग त्याला धरणार कोण?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, फक्त ते गोष्टीत आणावंसं वाटलं नव्हतं. सोव्हिएत संघानं १९७४ साली सोडलेल्या सॅल्यूत-३ या लष्करी अवकाशस्थानकावर खरोखरीची तोफ बसवली होती. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानकात माणसं नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागली. धक्क्यानं स्थानक भरकटू नये म्हणून त्याच क्षणी उलट्या बाजूनं रेटणारी इंजिनं चालवावी लागली. हे ऐकून बाबांनी मान हलवली. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग जो धक्का खातो, त्याचं लिही."

त्या वाक्यानं माझी अर्धी कादंबरी मोडली. यानातून मला घरात यावं लागलं.

लिहायला सुरुवात केली त्याला आता बरीच वर्षं झाली. डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. पण आकाशाचा अभ्यास करणारा माणूस आपल्या गावच्या साहित्याच्या मांडवात अध्यक्ष आहे, या गोष्टीनं मला धीर दिला. मी नाशिकरोडला गणिताच्या शिकवण्या घेते. आकडे माझ्या हातातले होते आणि फौजी घर माझ्या अंगातलं. तोवर या दोन गोष्टी एका वहीत येऊ शकतात असं कधी मनात आलं नव्हतं.

कादंबरीतली तुकडी प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे जाते. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळचा हा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. लहानसा, तांबडा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याच्याभोवती एक ग्रह आहे हे २०१६ साली जाहीर झालं. त्या ग्रहाचं वर्ष आपल्या ११ दिवसांहून थोडंसं मोठं. तिकडे शास्त्रज्ञांनी जावं, सैनिक कशाला, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं होतं. १९६७ च्या अवकाश करारात चंद्रावर किंवा इतर ग्रहांवर लष्करी तळ उभारायला आणि शस्त्रांच्या चाचण्या घ्यायला बंदी आहे. पण त्याच कलमात एक वाक्य असं आहे की, शांततेच्या आणि संशोधनाच्या कामासाठी लष्करी माणसं नेता येतील. माझी तुकडी त्या एका वाक्यावर बसून निघते. आणि बघा, राकेश शर्मा १९८४ साली गेले ते हवाई दलाचे वैमानिक म्हणून. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले तेही हवाई दलाचेच. पहिल्यांदा अनोळखी ठिकाणी जायचं, मिळेल ते खायचं, हुकूम आला की निघायचं, घरी काय चाललंय ते महिनोन्महिने कळलं नाही तरी काम चोख करायचं, याची सवय कुणाला असते? आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातल्या माणसाला होती.

या प्रकारच्या कथांबद्दल माझी एक तक्रार आहे. यान, हुद्दे, शस्त्रं, डावपेच यांचा थाट असतो आणि प्रेम मात्र दोन लढायांच्या मधली विश्रांती म्हणून येतं. ज्यानं फौजी घरात दिवस काढलेत त्याला हे पटायचं नाही. तिथं प्रेम हेच रोजचं काम असतं. लढाई झालीच तर काही आठवड्यांची. बदली, रजा, रजा रद्द, पत्र, पुन्हा बदली हे वर्षानुवर्षं चालतं.

देवळालीला तर वाट पाहण्याचा जुनाच वारसा आहे. ब्रिटिश काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना जहाज मिळेपर्यंत इथल्या छावणीत ठेवत. जहाजं हिवाळ्यातच सुटायची, त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपलेल्या सैनिकाला कित्येक महिने इथं नुसतं बसून राहावं लागे. काम नाही, लढाई नाही, घरही नाही. त्या रिकामेपणात माणसं भ्रमिष्ट होत. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डुलाली' म्हणतात तो शब्द आमच्या देवळालीवरून गेलेला आहे. लहानपणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गावाचा राग आला होता. आता लाम रोडवरून जाताना त्या अनोळखी पोरांबद्दल माया वाटते. ज्यांची लढाई संपली होती आणि तरी घर लागत नव्हतं, अशी ती माणसं. माझ्या कादंबरीचं चौथं प्रकरण त्यांच्यामुळेच लिहून झालं.

तोफखाना ही न दिसणाऱ्यावर चालणारी सेना आहे, हे मला उशिरा कळलं. पायदळातल्या जवानाला समोरचा दिसतो. तोफेवरच्या जवानाला बहुतेकदा डोंगर दिसतो, आणि गोळा त्या डोंगरापलीकडे पडायचा असतो. पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यावर, बसलेला अधिकारी वायरलेसवरून सांगतो, इकडे दिशा आणि उंची ठरते. वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, लांबचा पल्ला असला तर पृथ्वीचं फिरणंसुद्धा हिशेबात धरतात. गोळा सुटला की तोफेकडून 'शॉट' सांगतात, पडायच्या पाच सेकंद आधी 'स्प्लॅश'. मधला जो वेळ असतो त्यात कुणाच्याच हातात काही नसतं. न्यूटननं उपग्रहाची कल्पना मांडली तीही तोफेवरूनच: उंच डोंगरावर तोफ, गोळा पुरेशा वेगानं सोडला तर तो जमिनीकडे पडत पडत पृथ्वीलाच वळसा घालील. त्यासाठी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग लागतो. बाबांच्या तोफेचा गोळा सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास सुटायचा. "म्हणजे दहापटच कमी पडत होतो," बाबा म्हणाले, आणि ते खरंच मनापासून हळहळले.

आता हा मधला वेळ अवकाशात नेऊन पाहा. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तरी चंद्रावरून इथं यायला त्याला सव्वा सेकंद लागतो. मंगळावरून ग्रह जवळ असताना तीन मिनिटं, लांब असताना बावीस. शत्रूचं यान १ कोटी ८० लाख किलोमीटरवर असेल तर पडद्यावर दिसतं ते एका मिनिटापूर्वीचं यान. नेम त्याच्यावर धरून चालत नाही. तो आत्ता कुठे असेल आणि गोळा पोचेल तोवर कुठे गेला असेल, त्या रिकाम्या जागेवर धरावा लागतो.

हे गणित मी फळ्यावर मांडू शकते. पण ते मला शिकवलं आईनं, १९९९ च्या जूनमध्ये, तिला त्यातलं एक अक्षर ठाऊक नसताना.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा उत्तरेत होते. नेमके कुठे ते पत्त्यावरून कळायचं नाही, पत्ता फक्त '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालखात्याचा. टीव्हीवर रोज बर्फाचे डोंगर आणि बोफोर्स तोफा दिसत. आई स्वयंपाक आवरून ओट्यावर आंतरदेशीय पत्र घेऊन बसली होती. मी खांद्यावरून वाचत होते. तिनं लिहिलं, 'पाऊस चांगला झाला. अंगणात पाणी साचलंय. पोरगी होड्या सोडते.' बाहेर धूळ उडत होती. आभाळात एक ढग नव्हता.

"आई, पाऊस कुठं पडलाय?"

"पत्र पोचेल तोवर पडेल," ती म्हणाली आणि पुढे लिहू लागली.

ती खोटं लिहीत नव्हती. ती नेम धरत होती. पत्राला आठ दिवस लागतील, दहा लागतील. तिकडे उघडलं जाईल त्या दिवशी घर जसं असेल तसं ते बाबांच्या हातात पडावं, एवढीच तिची इच्छा. शिळं घर त्यांना पाठवायचं नव्हतं.

बाबांची पत्रं मात्र तसं करू शकत नव्हती. 'मी ठीक आहे. काळजी करू नये.' एवढंच, आणि खाली तारीख. आई त्या तारखेवर बोट ठेवायची, मनातल्या मनात मोजायची आणि म्हणायची, "हे अकरा दिवसांमागचं ठीक आहे." मग पत्राची घडी घालून देवघराच्या फळीवर ठेवायची आणि दुसरं येईपर्यंत त्या अकरा दिवसांबद्दल काही बोलायची नाही. ताऱ्याचा प्रकाश आपल्याला दिसतो तेव्हा तो तारा कसा आहे हे आपल्याला कळत नाही, असं मी मुलांना शिकवते ना, तेव्हा दर वेळी मला ते बोट दिसतं.

जुन्या पत्रांत 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे' असं लिहायची रीत होती. सापेक्षतेचं सगळं दु:ख या ओळीत आहे असं मला वाटतं. इकडचं 'आत्ता' आणि तिकडचं 'आत्ता' ही दोन वेगळी आहेत आणि त्यांना जोडणारं तिसरं घड्याळ कुठेच नाही.

कादंबरीत आधी जाणारा पुरुष होता आणि थांबणारी बाई. मग एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली की तोफखान्यात पहिल्यांदाच पाच महिला अधिकारी दाखल झाल्या. बाबांनी ती बातमी कापून माझ्या वहीत ठेवली. मी दीडशे पानं बाजूला काढली आणि नव्यानं सुरू केलं. आता कॅप्टन रेवती जाते आणि निफाडचा द्राक्षबागाईतदार सोपान थांबतो.

रेवती हे नाव पुराणातलं. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथं गाणं चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबला. तेवढ्या वेळात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली. त्याच्या मनातले सगळे वर, त्यांची मुलं, नातवंडं, नावंसुद्धा उरली नव्हती. परत आल्यावर रेवतीचं लग्न झालं बलरामाशी. हलधराशी, नांगर धरणाऱ्याशी! किती युगांनी मोठी असेल ती त्याच्याहून. ही गोष्ट आजीनं सांगितली तेव्हा मला रेवतीची काळजी वाटली होती: परक्या काळात उतरलेली मुलगी, आणि तिच्या मनात काय होतं ते कुणीच विचारत नाही. माझी रेवती मी तिच्यासाठी लिहिते आहे.

माझ्या रेवतीलाही वय आडवं येतं. ती सोपानपेक्षा चार वर्षं आणि तीन महिन्यांनी मोठी. दोन्ही घरांतून एकच वाक्य: मुलगी मोठी आहे. तरी दोघं लग्न करतात आणि दीड वर्षात तिला मोहिमेचा हुकूम येतो. यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगानं जातं (वेग घेण्या-सोडण्याचा काळ मी गोष्टीपुरता धरलेला नाही). इतक्या वेगात यानातलं घड्याळ निफाडच्या मानानं हळू चालतं: जायला निफाडच्या घड्याळानं ५ वर्षं ४ महिने, यानातल्या घड्याळानं फक्त ३ वर्षं २ महिने. तिथं दोन वर्षं मुक्काम. मग परत. निफाडात साडेबारा वर्षांहून थोडा जास्त काळ जातो, रेवतीचा ८ वर्षं ४ महिने. फरक काढा. चार वर्षं तीन महिने. ती उतरते तेव्हा दोघं एकाच वयाची असतात.

खरं सांगते, हा आकडा मी जुळवला नव्हता. अंतर आणि वेग आधी ठरले होते, वयाचा फरक कच्च्या आराखड्यात नुसता 'चार' लिहिला होता. वजाबाकीचं उत्तर पाहिलं आणि शिकवणीची मुलं यायची वेळ झाली तरी मी तशीच बसून होते. जगानं ज्या फरकाला नाव ठेवलं तो प्रवासात झिजून गेला. पण त्यासाठी सोपाननं जी वर्षं एकट्यानं काढली, ती रेवतीच्या आयुष्यात आलेलीच नाहीत. वयं जुळली आणि आठवणी जुळेनाशा झाल्या. पुढची शंभर पानं याचीच आहेत.

साडेबारा वर्षं म्हणजे नाशिककराला वेगळं सांगायला नको. सिंहस्थ ते सिंहस्थ आणि वर थोडं. २००३, २०१५, २०२७. गुरू सूर्याभोवती सुमारे १२ वर्षांत फिरून पुन्हा सिंह राशीत येतो आणि आमच्या गोदाघाटावर माणसांचा पूर लोटतो. हे गाव आयुष्य ग्रहाच्या फेऱ्यांनी मोजत आलंय. सोपानची आई 'रेवती कधी येणार' विचारणाऱ्यांना वर्षं सांगत नाही. म्हणते, पुढला सिंहस्थ होऊन जाऊ द्या.

आणि पत्रं. सोपान दर आठवड्याला एक पाठवतो, प्रकाशाच्या वेगानं जाणारं. ८० टक्के वेगानं दूर जाणाऱ्या यानाला ती गाठताना इतकी धाप लागते की रेवतीला तिच्या घड्याळानं तीन आठवड्यांतून एक मिळतं. मुक्कामाला पोचल्यावर आठवड्याला एक, पण प्रत्येक सव्वाचार वर्षांपूर्वीचं. परत फिरल्यावर ती पत्रांना सामोरी येते आणि आठवड्याला तीन-तीन पत्रं कोसळू लागतात. एप्रिलची खरड छाटणी झाली, ऑक्टोबरची छाटणी झाली, घड सुटले, अवकाळीनं बाग झोडपली, आई गेली, हे सगळं तिला घाईघाईनं, एकावर एक. पोचल्या दिवशी तिनं लिहिलेल्या पत्राचं उत्तर तर तिला परतीच्या वाटेवर भेटतं, घर तिच्या हिशेबानं एका वर्षावर आलेलं असताना. बर्फ पडून वाट बंद झाली की बाबांनाही महिन्याभराची पत्रं एका गठ्ठ्यानं मिळायची. तारखा लावून, एका दिवशी एकच उघडायचे म्हणे. रेवतीला मी तीच सवय दिली आहे.

प्रेमाला एवढं लांब पाठवता येतं का, या शंकेवर माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते घडलेलं आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी लावली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठीतला नमस्कारही आहे. ती तबकडी तयार करताना ॲन ड्रुयन आणि कार्ल सेगन या दोघांनी १ जूनला फोनवर एकमेकांना होकार दिला, आणि दोन दिवसांनी ॲनच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या लहरी तबकडीसाठी नोंदवल्या गेल्या. त्या तासाभरात ती जगाच्या इतिहासाचा विचार करत होती आणि शेवटी स्वत:च्या प्रेमाचा. व्हॉयेजर-१ आज इतकं दूर आहे की तिथून निघालेला संदेश यायला २३ तासांहून जास्त लागतात. ते प्रेम अजून पुढेच चाललंय.

गेल्या मेच्या अखेरीस आम्ही तिघं सिन्नरच्या पुढे काकांच्या शेतावर मुक्कामाला होतो. दक्षिणेला उघडं माळरान. रात्री साडेदहाच्या सुमारास बाबांना बांधावर नेलं. हात लांब करून मूठ धरायला सांगितली, खालची बाजू क्षितिजाला टेकवून. मुठीच्या वरच्या कडेला एक ठळक तारा, त्याच्या उजवीकडे दुसरा. मित्र आणि मित्रक. प्रॉक्झिमा हा मित्राचाच धाकटा सोबती, दिसत नाही पण तिथंच आहे. बाबांनी एक डोळा मिटून मुठीवरून नेम धरल्यासारखं पाहिलं, खूप वेळ.

आई मागून आली. पदर खांद्यावर ओढून तीही बघत उभी राहिली. मग विचारलं, "इथनं तिथं पत्र जायला किती दिवस म्हणालीस?"

"सव्वाचार वर्षं."

ती गप्प झाली. मला वाटलं, तिला ते अंतर भारी वाटलं असेल. पण ती मोजत होती.

"मग त्या सोपानला सांग, द्राक्षाचं लिहू नको," ती म्हणाली. "द्राक्ष दर साली येतं. त्याला आंब्याचं कलम लावायला सांग बांधावर, ती गेल्या गेल्या. आणि लगोलग लिहून टाक म्हणावं, आंबे लागलेत."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी वही काढली आणि निफाडच्या त्या बांधावर केशरची दोन कलमं लावली.